मारखा खोऱ्याचा ट्रेक आखताना

लडाखमधल्या मारखा खोऱ्यात जायचे ठरले की बहुतेक जण आधी रजा किती मिळते ते पाहतात, मग विमानाची तिकिटे काढतात आणि उरलेल्या दिवसांत ट्रेक बसवतात. हा क्रम उलटा करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण या वाटेवर दिवसांचा हिशेब उंची ठरवते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या दुपटीहूनही अधिक उंचीवर आपण थेट विमानातून उतरतो, आणि ट्रेकच्या शेवटी ओलांडायची कोंगमारू ला ही खिंड सुमारे ५,२०० मीटरवर आहे, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. सह्याद्रीत वर्षानुवर्षे फिरलेल्या माणसाच्या पायांत बळ असते, पण विरळ हवेची सवय पायांनी होत नाही. ती रक्ताला आणि फुप्फुसांना हळूहळू करून द्यावी लागते. किंबहुना गड झपाझप चढणाऱ्यालाच पहिल्या दोन दिवसांत आपला वेग आवरणे जड जाते, आणि डोकेदुखी पहिल्यांदा त्यालाच गाठते.

म्हणून कागदावर आधी मुक्कामांच्या गावांची नावे आणि त्यांपुढे उंची लिहावी. झंस्कार नदीकाठचे चिलिंग आणि पुढचे स्किऊ हे टप्पे ३,२०० ते ३,४०० मीटरच्या पट्ट्यात येतात, मारखा गाव सुमारे ३,८०० वर, हंकर ४,००० च्या आसपास, थाचुंगत्से सुमारे ४,२५० वर आणि निमालिंगचे कुरण सुमारे ४,८०० मीटरवर आहे. गिर्यारोहणाच्या वैद्यकात सर्वमान्य असलेला नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. हा नियम वरच्या आकड्यांना लावून पाहिला की घाईच्या कार्यक्रमातली खोट लगेच दिसते: हंकरहून एका दिवसात निमालिंग गाठायचे म्हटले तर ८०० मीटरची उडी पडते, आणि तीसुद्धा ट्रेकमधल्या सर्वांत उंच मुक्कामाच्या रात्रीसाठी. मधे थाचुंगत्सेला तंबूत एक रात्र काढली की हीच चढण दोन भागांत विभागली जाते.

लेहला पोहोचायचे कसे, हाही उंचीचाच प्रश्न आहे. रस्त्याने जायचे असेल तर श्रीनगरचा मार्ग निवडावा, कारण सोनमर्ग, द्रास, कारगिल असे करत शरीर हळूहळू वर येते. मनालीचा रस्ता अटल बोगद्यामुळे सोपा झाला आहे खरा, पण त्या वाटेने निघालेली वाहने पुष्कळदा सारचूला मुक्काम करतात आणि सारचू लेहपेक्षाही उंच, सुमारे ४,३०० मीटरवर आहे. पहिलीच रात्र तिथे काढणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. विमानाने जाणाऱ्यांसाठी माझी एक सूचना आहे, जी फार कमी लोक पाळतात: विमानतळावरून लेहमध्ये न थांबता सरळ सिंधू नदीच्या खालच्या अंगाला, सुमारे ६५ किलोमीटरवरच्या आल्ची गावी जावे. आल्ची जवळजवळ ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा चारशे मीटर खाली आहे. पहिल्या दोन रात्रींची झोप तिथे पुष्कळ चांगली लागते, आणि काश्मिरी शैलीच्या जुन्या भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेली तिथली मंदिरे शांतपणे, न धापता पाहता येतात. अजिंठ्याची लेणी मन लावून पाहिलेल्या माणसाने तर आल्ची चुकवूच नये. त्यानंतर लेहमध्ये दोन रात्री राहून सामानाची जुळवाजुळव करावी.

एकूण आखणी मग अशी होते: आल्चीला दोन रात्री, लेहला दोन, पाचव्या दिवशी गाडीने चिलिंगच्या पुढे जाऊन स्किऊला मुक्काम, सहाव्या दिवशी सारा हे गाव, सातव्या दिवशी मारखा, आठव्या दिवशी मारखातच विश्रांती, मग हंकर, थाचुंगत्से, निमालिंग अशा तीन रात्री, बाराव्या दिवशी खिंड ओलांडून खाली, तेरावा दिवस लेहमध्ये राखीव आणि चौदाव्या दिवशी परतीचे विमान. स्किऊहून मारखा एका दिवसात गाठता येते, परंतु ती चाल वीस किलोमीटरच्या घरातली आहे आणि उन्हात रखरखीत आहे; साराला थांबल्याने ती सुसह्य होते. चौदा दिवस ऐकून पुष्कळ जण दचकतात. ज्यांना इतकी रजा मिळणे शक्य नाही त्यांनी दिवस कापण्याऐवजी खिंडच सोडावी: स्किऊ, मारखा, हंकर करून त्याच वाटेने परत यावे. खोऱ्यातली जवळपास सगळी गावे आणि माणसे त्यात भेटतात, चुकते ते निमालिंगचे कुरण आणि खिंड. रिकाम्या दिवसांसाठी मी इतका भांडतो त्याचे आणखी एक कारण आहे. फुप्फुसांसाठी ठेवलेला मारखातला तो आठवा दिवसच आपल्याला गावाचा पाहुणा करतो. एरवी आपण संध्याकाळी येऊन सकाळी निघून जाणारे वाटसरू असतो.

ज्यांच्याजवळ दिवस अधिक आहेत, त्यांनी झिंगचेन, रुंबक आणि गंडा ला अशी जुनी वाट धरून स्किऊला उतरावे. ही वाट सुंदर आहे, पण गंडा लाची उंची ४,९०० मीटरहून अधिक असून ती ट्रेकच्या सुरुवातीलाच येते, त्यामुळे लेहच्या परिसरात चार रात्री झाल्याशिवाय हा विचार करू नये. लडाखी आणि तिबेटी भाषांत ‘ला’ म्हणजेच खिंड, हे लक्षात ठेवले की नकाशा वाचणे सोपे जाते. खोऱ्यात मोटाररस्ता दरवर्षी आत सरकत आहे. चिलिंगजवळ पूर्वी दोरावरच्या पाळण्यातून झंस्कार ओलांडावी लागे, आता तिथे पूल आहे आणि गाडी पुढेपर्यंत जाते. तेव्हा त्या वर्षी गाडी कुठवर पोहोचते हे लेहमध्ये विचारूनच पहिला दिवस नक्की करावा. गाडी आतपर्यंत जात असली, तरी चिलिंगला अर्धा तास उतरावे. हे तांब्या-पितळेच्या कारागिरांचे गाव आहे. सतराव्या शतकात लेहजवळच्या शे येथील बुद्धमूर्ती घडवण्यासाठी नेपाळहून आणलेल्या कारागिरांचे आपण वंशज आहोत, असे तिथली घराणी सांगतात.

हंगाम आणि पाणी

ट्रेकचा हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत असतो. जूनमध्ये खिंडीवर बर्फ शिल्लक असू शकते. जुलैत जवाची आणि वाटाण्याची शेते हिरवीगार असतात, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ वितळल्यामुळे नदीला पाणी सर्वांत जास्त असते. मारखा नदी आणि तिचे ओढे काही ठिकाणी पायांनीच ओलांडावे लागतात. हे पाणी दिवसभर सारखे नसते: ऊन चढेल तसे वरचे बर्फ वितळते आणि दुपारनंतर ओढा फुगतो, म्हणून सकाळी लवकर निघून पाण्याच्या जागा दुपारच्या आत पार कराव्यात. अनवाणी पाण्यात उतरू नये. पट्ट्यांच्या सँडल घालाव्यात, पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडावा आणि काठीचा आधार प्रवाहाच्या वरच्या बाजूला घ्यावा. लेहला वर्षभरात साधारण १०० मिलिमीटरच पाऊस पडतो, त्यामुळे इथली माती, घरे आणि वाटा पावसासाठी घडलेल्याच नाहीत. ऑगस्ट २०१० मधल्या ढगफुटीने लेह परिसरात जो अनर्थ केला तो यामुळेच इतका मोठा होता. म्हणून सलग पाऊस लागला तर अरुंद घळीत शिरू नये, गावात थांबावे. राखीव दिवस अशा वेळी कामी येतो. माझी स्वतःची पसंती सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांना आहे: पाणी उतरलेले असते, आकाश स्वच्छ असते, शेतांत कापणी आणि मळणी चाललेली असते. रात्री मात्र गारठ्याच्या असतात.

घरातला मुक्काम

या ट्रेकचे खरे वैभव म्हणजे घरांतला मुक्काम. खोरे हेमिस राष्ट्रीय उद्यानात येते. १९८१ साली स्थापन झालेले हे उद्यान हिमबिबट्यासाठी ओळखले जाते, आणि हिमबिबट्या हा इथल्या मेंढपाळाचा पिढ्यानपिढ्यांचा वैरी. गोठ्यात शिरलेला बिबट्या एका रात्रीत अनेक मेंढ्या मारत असे आणि मग गावकरी त्याला मारत असत. रिंचेन वांगचुक आणि त्यांच्या स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला रुंबक आणि आसपासच्या गावांत पाहुण्यांना घरात ठेवण्याची पद्धत रुजवली. पाहुणा हिमबिबट्याच्या प्रदेशात येतो म्हणून घराला पैसे मिळतात आणि जनावर जिवंत राहण्यात घराचा फायदा असतो, असा तो साधा आणि शहाणपणाचा विचार होता. म्हणून तंबूचा लवाजमा घेऊन गावाबाहेर राहण्यापेक्षा शक्य तिथे घरात राहावे. बऱ्याच गावांत पाहुणे घरोघर पाळीने वाटले जातात. ‘आम्हाला अमुकच घर हवे’ असा हट्ट धरू नये, पाळी ज्या घराची असेल तिथे आनंदाने जावे.

घरात शिरताना ‘जुले’ म्हणावे. नमस्कार, आभार आणि निरोप, तिन्हींसाठी हा एकच शब्द चालतो. आपण नावापुढे ‘जी’ लावतो तसे लडाखीत ‘ले’ लावतात, म्हणून घरच्या बाईंना ‘आमा-ले’ आणि वडीलधाऱ्या पुरुषाला ‘आबा-ले’ म्हणावे. ‘आबा’ हा शब्द ऐकून मराठी माणसाला परके वाटायचे कारणच उरत नाही. चुलीचे स्थान पवित्र मानतात, त्यामुळे तिच्याकडे किंवा देवघराकडे पाय करून बसू नये आणि चुलीत कचरा टाकू नये. लोणी आणि मीठ घातलेला गुरगुर चहा समोर आला की एक घोट घेऊन पेला खाली ठेवावा. यजमान तो पुन्हा भरणारच. नको असेल तर भरलेला पेला तसाच ठेवून उठताना संपवावा. जेवणात स्क्यू, म्हणजे कणकेचे छोटे गोळे भाज्यांबरोबर शिजवलेला पातळ पदार्थ, किंवा थुक्पा, म्हणजे शेवयांचे सूप, मिळतो. चकोल्या आवडणाऱ्याला स्क्यू लगेच आवडते. भाजलेल्या जवाचे पीठ, ज्याला तिथे ङाम्फे आणि इतरत्र त्साम्पा म्हणतात, ते चहात कालवून खातात. ते आपल्या सातूच्या पिठाचेच भावंड आहे. मांस खात नसाल तर आधी सांगावे.

शौचालय कोरडे असते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत जमिनीला भोक असते आणि बाजूला मातीचा ढीग असतो. विधी झाल्यावर फावड्याने माती लोटायची. वर्षाअखेर हेच खत शेतात जाते, म्हणून त्यात प्लास्टिक, ओले रुमाल किंवा सॅनिटरी पॅड टाकणे म्हणजे त्या घराच्या शेतात कचरा टाकण्यासारखे आहे. या वस्तूंसाठी घट्ट बंद होणारी वेगळी पिशवी न्यावी आणि ती लेहपर्यंत परत आणावी. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नयेत, घरात उकळलेले पाणी आपल्या बाटलीत भरून घ्यावे.

वाटेत दगडी भिंती लागतात, त्यांवर ‘ॐ मणि पद्मे हुम्’ कोरलेल्या शिळा रचलेल्या असतात. या भिंती म्हणजे माने. त्या आणि छोर्तेन, म्हणजे स्तूप, आपल्या उजव्या हाताला ठेवूनच पुढे जावे. मंदिराला प्रदक्षिणा घालताना आपण नेमके हेच करतो, तेव्हा हे वेगळे शिकावे लागत नाही. एकही शिळा उचलू नये, भिंतीवर पाठपिशवी टेकवू नये. गावाच्या वेशीवर नारिंगी, पांढरा आणि निळसर असे तीन छोर्तेन ओळीने दिसले तर ते मंजुश्री, अवलोकितेश्वर आणि वज्रपाणी यांचे आहेत, हे ध्यानात घेऊन थोडे थांबावे. छपरावर शुक्पाच्या, म्हणजे ज्युनिपरच्या, फांद्या आणि रानमेंढ्यांची शिंगे रचलेले ल्हातो दिसतात, ती ग्रामदेवतांची आणि कुलदेवतांची स्थाने. बौद्ध धर्म येण्यापूर्वीपासूनच्या या देवता इथे सुखाने नांदतात. ज्याच्या गावाच्या शिवेवर म्हसोबा आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. आणखी एक गोष्ट नीट लक्षात असू द्यावी: इथल्या भाषेचे, लिपीचे आणि धर्माचे नाते तिबेटशी असले, तरी लडाख हे शतकानुशतके स्वतःच्या राजांचे स्वतंत्र राज्य होते, १८३० च्या दशकात डोग्रा सैन्य येईपर्यंत. तेव्हा यजमानांना तिबेटी म्हणू नये. ते लडाखी आहेत.

मारखातल्या विश्रांतीच्या दिवशी गावातला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आणि वरचा पडका किल्ला पाहावा. गावापुढे हंकरच्या वाटेवर उंच कड्याच्या टोकावर टाचा गोम्पा आहे. किल्ली सांभाळणारा भिक्षू असेल तरच दार उघडते. आत दिव्यासाठी थोडे पैसे ठेवावेत, छायाचित्र विचारूनच घ्यावे. मुलांना चॉकलेटे वाटू नयेत. त्यामुळे त्यांना मागायची सवय लागते, आणि दातांचा डॉक्टर लेहमध्येच असतो.

दुखणे आले तर

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणे आहेत, आणि ती दिसली की आणखी वर चढायचे नाही, हा नियम कुणासाठीही मोडायचा नाही. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येऊ लागला, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याची ती खूण असते. अशा माणसाला रात्र असली तरी खाली न्यावे लागते. ॲसिटाझोलामाइड ही गोळी, जी डायमॉक्स नावाने मिळते, बरेच जण घेतात. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर ते आवर्जून सांगावे. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी तिकीट काढण्याआधीच तपासणी करून घ्यावी.

इथे निमालिंगची एक अडचण आधीच समजून घेतली पाहिजे. या कुरणावरून खाली जायच्या वाटा दोनच आहेत: एक आलो त्याच वाटेने हंकरकडे, आणि दुसरी कोंगमारू ला ओलांडून. दुसऱ्या वाटेने खाली जाण्यासाठी आधी चारशे मीटर वर चढावे लागते, म्हणून आजारी माणसाला ती बंदच असते. ‘उद्या खिंड ओलांडली की खाली उतरणारच आहोत’ हा विचार निमालिंगच्या तंबूत फार मोहक वाटतो, आणि तोच घातक ठरतो. तेव्हा थाचुंगत्सेलाच प्रत्येकाने एकमेकांची प्रकृती खरेपणाने विचारावी, आणि ज्याला त्रास आहे त्याच्यासोबत कोण परत फिरणार हे ट्रेक सुरू होण्याआधी घरी बसूनच ठरवावे. सामानासाठी घोडे घेतले असतील, तर आजाऱ्याला खाली नेण्यासाठी एक घोडा मोकळा करता येतो. मी घोडे घ्यायला सांगतो ते यासाठीच. वाटाड्या खोऱ्यातलाच असावा. त्याला ओढ्यांची नाडी माहीत असते आणि कोणत्या घरी मदत मिळेल हेही.

खोऱ्यात बहुतेक ठिकाणी फोन लागत नाही. लडाखबाहेरचे प्रीपेड सिम लेहमध्येही चालत नाही, पोस्टपेडच लागते. परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींना विशेष सांगणे आहे की उपग्रह-फोन किंवा उपग्रहाने संदेश पाठवणारे यंत्र परवानगीशिवाय भारतात आणणे बेकायदा आहे, त्यासाठी अटक होऊ शकते. तिथे वापरता म्हणून इथे आणू नये. ड्रोनही घरीच ठेवावे. खोऱ्यात एटीएम नाही, म्हणून घरांचे, घोड्यांचे आणि गोम्पाचे पैसे सुट्ट्या नोटांत न्यावेत. भारतीयांना मारखासाठी वेगळा परवाना लागत नाही, पण राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क भरावे लागते. त्याचे चालू दर लेहमध्ये विचारून पावती जवळ ठेवावी. विम्यात किती उंचीपर्यंतचा ट्रेक धरला आहे ते वाचून पाहावे, कारण पुष्कळ पॉलिसींची मर्यादा या खिंडीच्या खालीच संपते.

सामानाविषयी थोडक्यात. निमालिंगला ऑगस्टमध्येही पारा शून्याखाली जातो, त्यामुळे पिसांचे जाकीट, लोकरी टोपी, हातमोजे आणि उबदार झोपपिशवी लागतेच. काळा चष्मा आणि सनस्क्रीन चैनीच्या वस्तू नाहीत. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, लागल्यास लेहमध्ये घ्यावेत. खाऊ म्हणून शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लाडू आणि मेतकूट न्यावे. भूक मरते तेव्हा गरम भातावर मेतकूट आणि लोणी एवढेच घशाखाली उतरते.

निमा म्हणजे सूर्य, आणि निमालिंग हे उन्हाचे कुरण. उन्हाळ्यात खालच्या गावांतले लोक मेंढ्या, शेळ्या आणि याक घेऊन इथे राहतात, मागे ६,४०० मीटरचे कांग यात्से शिखर उभे असते. प्रकृती ठीक असेल आणि राखीव दिवस उरला असेल, तर तो इथेच खर्च करावा. खिंडीच्या दिवशी पहाटे निघावे. चढण साधारण दोन तासांची आहे, पण पलीकडची उतरण शांग सुमदो गावापर्यंत सुमारे १,५०० मीटरची असून अरुंद घळीतून ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत जाते, आणि गुडघ्यांची खरी परीक्षा तिथेच होते. काठ्या दोन असाव्यात. शांग सुमदोला गाडी आधी सांगून ठेवावी, कारण तिथून बोलावणे सोपे नाही. लेहला परतताना वाटेवरच हेमिसचा मोठा गोम्पा आहे. थकव्यामुळे त्या दिवशी तो पाहणे होत नाही, म्हणून तेरावा दिवस जर पावसाने किंवा दुखण्याने घेतला नसेल, तर सकाळी सावकाश तिकडे जावे आणि दुसऱ्या दिवशीचे विमान गाठावे.